बिनशेपटीचा कोतवाल

मी एकदा एका जिवंत माणसाला पक्षी समजले. लांबून, धुक्यात, चष्मा घरी विसरून वगैरे नाही. भर उजेडात, गळ्यात दुर्बीण असताना. तो माणूस दगडांत अडकून मदतीसाठी शिट्टी मारत होता आणि मी ती शिट्टी फोनमध्ये भरून घेत होते, पाखरानं केलेली नक्कल म्हणून. मनात म्हणतही होते, काय हुबेहूब जमलंय याला. मग मला भाकरीची आठवण झाली आणि मी डोंगर उतरायला लागले.

आता घरात हा विषय निघाला की नातवंडं हसून लोळतात. मीही हसते. त्या दिवशी मात्र दुपार कलेपर्यंत कुणी हसलं नव्हतं.

त्या बाईची, म्हणजे तेव्हाच्या माझी, थोडी ओळख करून देते. नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली विज्ञानाची शिक्षिका. वर्गात ऐकायला मुलं उरली नव्हती, त्यामुळे दूधवाल्याला, भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला शिकवत सुटलेली. मुलानं परदेशातून दुर्बीण पाठवली आणि आगीत तेल पडलं. खाकी टोपी घेतली, खिसेच खिसे असलेलं जाकीट घेतलं, आणि शहरातल्या पक्षी बघणाऱ्यांच्या मंडळात नाव घातलं. तेव्हा शहराचं नाव वेगळं होतं, खड्डे हेच होते. थंडीत आम्ही जायकवाडीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला जायचो. बाकी सगळे माझ्या मुलांहूनही लहान, पण पक्ष्याचं नाव सांगायची घाई मलाच. गळ्यात दुर्बीण आणि डोक्यात हवा, असा एकूण प्रकार.

माझी नणंद कन्नडच्या पुढं, गौताळ्याच्या डोंगराच्या पायथ्याला दिलेली. आदल्या वर्षी होळीला तिच्याकडं गेले असताना डोंगरात मला तो दिसला होता. काळा कुळकुळीत, उन्हात निळी झाक मारणारा, कपाळावर तुरा, आणि शेपटीतून निघालेल्या दोन लांबलचक तारा. तारांच्या टोकांना दोन काळी पिसं, पळीसारखी. उडाला की वाटावं, दोन भुंगे त्याचा पाठलाग करतायत. म्हणून तर त्याला भृंगराज म्हणतात. सह्याद्रीच्या दाट रानात तो पुष्कळ, पण आपल्याकडं मराठवाड्यात म्हणजे नवलच.

मी मंडळात सांगितलं तर एक पोरगं म्हणालं, "मॅडम, तो इकडं कशाला येईल? साधा कोतवाल असेल. तारेवर बसतो तो. शेपटीला गवत अडकलं असेल."

गवत अडकलं असेल. हे वाक्य मी वर्षभर चघळलं. पुढच्या वर्षी पळस फुलायची वाट बघितली आणि नणंदेकडं जाऊन धडकले. या खेपेला पुरावा आणायचा, नाहीतर दुर्बीण विकायची.

संध्याकाळी चुलीपुढं बसून मी तिला सगळा बेत सांगितला. उद्या पहाटे डोंगरात जाणार, भृंगराज शोधणार.

"त्यासाठी डोंगरात कशाला जाता, वैनी?" ती भाकरी थापता थापता म्हणाली. "आमच्या बांधावर ढीगभर हाय. न्या उपटून, खोबरेल तेलात उकळा. केस लई काळे राहत्यात."

"अहो वन्सं, ते माक्याचं झाड. त्यालाही भृंगराज म्हणतात. मी पाखराचं बोलतेय."

"केसाचं पाखरू?"

तिचे मालक बाजेवर पडून ऐकत होते, त्यांना खोकल्याची उबळ येईपर्यंत हसू आलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तारेवर बसणारा कोतवाल माहीत आहे ना, त्याच्याच जातीचा, पण मोठा, शेपटीवाला.

"मग सरळ कोतवाल म्हना की," नणंद म्हणाली. "तेलाचं नाव कशाला घेता?"

तिला समजावं म्हणून मीही कोतवालच म्हणायला लागले. सगळं इथून बिघडलं. कारण त्या गावात आणखी एक कोतवाल होते. तलाठ्याच्या हाताखालचे, सरकारी, दोन पायांचे. मी त्यांना बघितलं नव्हतं, आणि त्यांची आठवण त्या चुलीपाशी कुणालाच झाली नाही.

सकाळी तांबडं फुटताना निघाले. गावाबाहेर पाझर तलाव आहे, त्याच्या बंधाऱ्यावरून वाट डोंगरात चढते. बंधाऱ्यावर एक मोटारसायकल उभी होती. माझं लक्ष आभाळात.

वर एक कुंड आहे. पावसाळ्यात तिथं पाणी पडतं, फाल्गुनात तळाशी हिरवट थारोळं उरतं. कुंडाच्या पलीकडं घळ, आणि घळीवर झुकलेला एक पळस, पान नाही, नुसता पेटलेला. मी खडकाला टेकून बसले. आधी साळुंक्या आल्या, मग बुलबुल. मग सगळी एकदम उडाली आणि फांदीवर तो येऊन बसला.

गवत नव्हतं. दोन तारा, दोन पळ्या, वाऱ्यावर हलणाऱ्या. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

भृंगराज मोठा नकलाकार. शिक्र्याचा आवाज काढतो, बाकीची पाखरं घाबरून पळतात, हा त्यांनी टाकलेला किडा खातो. मला पुस्तकातलं हे सगळं पाठ होतं. दुर्बिणीतून बघावं की फोटो काढावा या गोंधळात फोटोत फक्त पळस आला. म्हणून मी आवाज भरून घ्यायला फोन धरला. त्यानं शिक्रा काढला. मग बुलबुल. मग मांजरासारखं काहीतरी. आणि मग, त्याच बाजूनं, शिट्टी. दोन लांब, एक तोडलेली. अगदी माणसानं तोंडात बोटं घालून मारावी तशी. तिच्यामागून खाकरल्यासारखा आवाज.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अरे, कोण आहे तिकडं? पण दुसऱ्या कुणी पुस्तक पाठ केलेलं नव्हतं. मला तर वानराच्या खाकरण्याचीसुद्धा नक्कल ओळखू आली. धन्य माझी. हवं ते मिळालं होतं, मी फोन बंद केला, थोडा वेळ त्याला दाद देत बसले, मग भाकरीची आठवण झाली आणि उठले.

त्या डोंगरात फोनला रेंज एकाच खडकावर येते, कुंडापासून थोडं खाली. तिथं पोचल्यावर मला राहवेना. नणंदेला फोन लावला.

"वन्सं, कोतवाल सापडला. वरच्या कुंडाशी. पळसाच्या..."

तेवढ्यात फोन तुटला. पुन्हा लावला, लागेना. जाऊ दे, घरी जाऊन सांगू, म्हणून मी रमतगमत उतरायला लागले. गुणगुणत.

खाली काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. कोतवाल पहाटेच तलावाचं पाणी बघायला गेले होते, तलाठ्यानं विचारलं होतं म्हणून. उन्हं वर आली तरी परतले नाहीत. त्यांची बायको डबा घेऊन चावडीवर गेली, तिथं नाहीत. फोन लागत नाही. मग कुणीतरी बंधाऱ्यावरची मोटारसायकल बघितली. पाण्याच्या काठाला त्यांचा टॉवेल पडलेला. गाव गोळा झालं. पोहणारे पाण्यात उतरले, आणि एकानं दोराला लोखंडी गळ बांधून आणले. विहिरीत पडलेली कळशी काढतात तसले. ते गळ तळ्याच्या तळाशी ओढायचं काम चाललं होतं आणि ती बाई बंधाऱ्यावर उभी राहून दर खेपेला दोर वर येताना बघत होती.

तिथं माझी नणंद धापा टाकत पोचली. "कोतवाल सापडला. वरच्या कुंडाशी हाय. आमच्या वैनीचा फोन आला." गळ तिथंच टाकून माणसं डोंगर चढायला लागली.

मला ती माणसं वाटेत भेटली. सगळ्यांत पुढं नणंदेचे मालक, घामानं भिजलेले. मला वाटलं, भृंगराज बघायला एवढी माणसं. अडाणी अडाणी म्हणतात, पण बघा कशी धावत आली.

"वैनी, कुठं हाय?" त्यांना धाप लागली होती. "जित्ता हाय ना?"

"जित्ता? अहो भाऊजी, चांगला गातोय."

"गातोय?"

"पळसावर बसून. शेपूट बघाल तर तुम्ही..."

मागच्या एकाच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"मास्तरीणबाई," तो दोरवाला हळू म्हणाला, "आमी तळ्यात गळ टाकलाय. गळ. मानूस हुडकायला."

भाऊजींनी मला चार वाक्यांत सगळं सांगितलं. मी म्हणाले, चूक झाली, मी पाखराबद्दल बोलत होते. एवढ्या मोठ्या आयुष्यात एवढं लहान वाक्य मला इतकं जड कधी गेलं नव्हतं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कुणीतरी फक्त म्हणालं, "पाखरापायी आर्धा डोंगर चढवला," आणि सगळे माघारी वळले, धावतच, कारण पाण्यात जाणारा वेळ मोजावा लागतो.

वळणावर त्यांना कोतवालांची बायको भेटली. सगळ्यांच्या मागून एकटी चढत येत होती, काखेत पाण्याची बाटली, हातात नवऱ्याचा टॉवेल. "माघारी चल," कुणी तिला म्हणालं. "पाखरू हाय ते." ती बाजूला झाली, माणसांना जाऊ दिलं, आणि खाली जायचं सोडून तिथंच एका धोंड्यावर बसली.

वाट एकच होती. मला तिच्यासमोरून जाणं भाग होतं.

चाळिशीची असेल. चेहऱ्यावर रडण्याची खूणही नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी म्हणाले, "ताई, माझ्यामुळं तुम्हाला..."

"कोतवाल सापडला म्हनलात ना फोनवर?"

"हो. त्या पक्ष्याला कोतवाल म्हणतात. मला खरंच ठाऊक नव्हतं की..."

"सापडला म्हनलात. सापडले नाय."

"पाखरू ना, म्हणून सापडला."

ती टॉवेलाची दशी पिळायला लागली. "गावात समदे त्यास्नी 'सापडला', 'आला', 'गेला'च म्हनत्यात, बाई. म्हनून तर कुनाला शंका आली नाय."

मी विज्ञानाची शिक्षिका असूनही जन्मभर मुलांच्या उत्तरांतलं लिंग, वचन सुधारत आले आणि माझ्या एका एकवचनावर सगळं गाव डोंगर चढून आलं होतं.

खरं तर तिथं गप्प बसायला हवं होतं. तिच्यासोबत खाली जायला हवं होतं. पण तेव्हाच्या माझ्या स्वभावाला औषध नव्हतं. आपण अगदीच येडपट नाही, पाखरू खरंच तसं होतं, हे तिला पटावं असं मला वाटायला लागलं. कशासाठी? तिच्या नवऱ्याला तळ्यात शोधतायत, आणि मला पटवायचंय. मी फोन काढला.

"हा पक्षी साधा नाही, ताई. सगळ्यांचे आवाज काढतो. माणसाची शिट्टीसुद्धा. ऐका तरी."

तिनं ऐकलं, बहुतेक मला नको म्हणायचंही त्राण नव्हतं म्हणून. शिक्रा झाला. बुलबुल झाला. मांजर झालं. मग शिट्टी.

तिचा हात टॉवेलावरच थांबला.

"परत लावा."

मी परत लावलं. दोन लांब, एक तोडलेली, आणि मागून खाकरणं.

"हे पाखरू नाय."

"अहो, तोच आहे. पुस्तकात लिहिलंय, हा नकला..."

"बाई," ती उठून उभी राहिली होती, "पाखरू बिडी वढतं का?"

मी फोन कानाशी धरून ते खाकरणं परत ऐकलं.

"शिट्टी मारली की त्यास्नी खोकला येतो. बिडीचा. रोज चावडीवर ऐकते मी. ह्यो त्यांचा खोकला हाय."

त्या शिट्टीची गोष्ट तिनं मला चढता चढता सांगितली, तुटक तुटक, मागं न बघता. तिच्या सासऱ्यांना चावडीपुढं हलगी वाजवून दवंडी द्यावी लागे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराकडं आलेलं काम. नवऱ्याला नोकरी लागली तेव्हा त्यांनी तलाठ्याला तोंडावर सांगितलं, नोटीस वाचीन, पंचनाम्याला येईन, टपाल नेईन, पण हलगीला हात लावणार नाही. बाबासाहेबांनी ज्यातून सोडवलं त्यात परत जायचं नाही. मग लोक गोळा कसे करायचे? तोंडात बोटं घालून शिट्टी. दोन लांब, एक तोडलेली. गावातली लहान पोरंसुद्धा ती ओळखतात. ओळखत नव्हती ती फक्त शहरातून आलेली मास्तरीण.

ती चढत नव्हती, जवळजवळ पळत होती. मी मागं. जाकिटाच्या सगळ्या खिशांत काही ना काही भरलेलं, सगळं खुळखुळतंय. ऊन डोक्यावर आलेलं. माझ्या मनात एकच गणित चाललं होतं. मी शिट्टी ऐकली तेव्हा सावल्या लांब होत्या. आता सावलीच उरलेली नव्हती. एवढा वेळ माणूस तापल्या दगडांत पडला असेल तर. आणि तो वेळ मी काय करत होते? उतरत होते. गुणगुणत.

कुंडाशी पोचलो. ती हाका मारायला लागली. "अहो, आयकता का." घळीतून तिचाच आवाज परत आला. परत हाक. परत तेच. आणि मग, मी सांगते, एखाद्या दुश्मनानं ठरवून करावं तसं, पळसावर भृंगराज येऊन बसला आणि सुरू झाला. शिक्रा. बुलबुल. मांजर. शीळ. चिवचिव. दर वेळी ती मान वळवायची, डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकायचं, आणि मला सांगावं लागायचं, "नाही, ताई. हे पाखरू आहे." सकाळी ज्या आवाजावर जीव टाकला होता तो आता कानात खुपत होता. त्याच्या खाली माणसाचा बारीक आवाज असेल तर तो ऐकू येणार कसा?

मी धोंडा उचलला. मंडळातल्या कुणी बघितलं असतं तर मला त्याच दिवशी काढलं असतं, आणि बरोबरच केलं असतं. नेम धरून नाही, पण जोरात, फांदीच्या बाजूला फेकला. मग दुसरा. भृंगराज दोन्ही भुंगे मागं लावून घळीपलीकडं निघून गेला. मराठवाड्यातला माझा एकुलता एक भृंगराज. पुन्हा तो मला कधीच दिसला नाही.

शांत झालं. एवढं शांत की माझ्याच छातीतले ठोके मला अडचण करायला लागले.

ती ओठांवर बोट ठेवून वाकली. मलाही ऐकू आलं. दगडावर दगड. टक. खूप वेळ काही नाही. परत टक.

घळीच्या तोंडाशी, पळसाच्या बरोब्बर खाली, एक मोठी शिळा कलंडलेली आहे. तिच्या आड ते पडले होते. एक पाय नको त्या दिशेनं वळलेला. शिळेची सावली त्यांच्या कमरेपर्यंत उरली होती, वरचं सगळं अंग उन्हात. ओठ पांढरे, फुटलेले. हातात लिंबाएवढा दगड. नंतर कळलं, तलाव बघून झाल्यावर, जनावरांना वरच्या कुंडात पाणी उरलंय का ते बघावं म्हणून स्वतःच्याच मनानं चढले होते. शेवाळावरून पाय गेला. बरगडी मोडली, त्यामुळे ओरडता येईना. शिट्टी तेवढी निघत होती. पुढं तोंडातली ओल संपली आणि शिट्टीही संपली.

ती घसरत खाली उतरली. मला वाटलं आता रडेल. तिनं त्यांच्या खिशात हात घातला, बिडीचं बंडल काढलं आणि घळीत भिरकावलं. मग टॉवेल भिजवून त्यांच्या ओठांवर पिळायला लागली. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग वर, माझ्या टोपीकडं.

"बाई, फोन," ती मला म्हणाली. "लवकर. मानसं पाठवा. मी हाय इथं."

रेंजच्या खडकाकडं मी कशी उतरले ते मला आठवत नाही. गुडघा फुटला होता, ते संध्याकाळी समजलं. तीन वेळा फोन लावला, चौथ्यांदा नणंदेनं उचलला. मागं माणसांचा कालवा चाललेला.

"वन्सं, कोतवाल सापडला."

"वैनी," ती म्हणाली, "आता कोनता? शेपटीचा का बिनशेपटीचा?"

"बिनशेपटीचा. कुंडामागच्या घळीत आहेत. पाय मोडलाय. बाज घेऊन या, दोर घेऊन या."

"इथं गळाला कायतरी लागलंय. जड हाय. मानसं वढायला लागलीत. तुमचं नाव काढलं तरी आता कुनी ऐकायचं नाय."

"फोन मोठ्यानं लावा. सगळ्यांना ऐकू जाईल असा."

तिनं लावला. तळ्याकाठचा गलका माझ्या कानात आला. मला वर्गात आवाज चढवायची सवय होती, पण ती तेव्हा उपयोगाची नव्हती. मी फक्त म्हणाले, "भाऊजी, मी चुकले होते. पाखरू म्हणाले तेव्हा चुकले होते, आधीचं बरोबर होतं. त्यांनी डोळे उघडलेत. त्यांची बायको त्यांच्यापाशी आहे. ऊन त्यांच्या अंगावर येतंय."

कुणी काही म्हणालं, कुणी त्याला गप्प केलं. मग भाऊजींचा आवाज आला. "दोर सोडा रे. बाज काढा."

गळाला लागलेलं ते ट्रॅक्टरचं जुनं टायर निघालं. पण हे नंतर कळलं. तेव्हा ती माणसं, गळाला काय लागलंय ते न बघताच, ते तसंच पाण्यात सोडून एका खोट्या ठरलेल्या बाईच्या बोलावर दुसऱ्यांदा डोंगर चढून आली. हे मी विसरलेले नाही.

माणसं येईपर्यंत आम्ही दोघींनी त्यांच्यावर सावली धरली. तिनं पदर धरला, मी जाकीट काढून धरलं. त्या जाकिटाचा तेवढाच काय तो उपयोग झाला. ते मधूनच डोळे मिटायचे, मग ती त्यांना गालावर हलकेच चापटी मारायची, म्हणायची, "जागं ऱ्हावा. तलाठ्याला पान्याचं काय सांगू?" एकदा ते पुटपुटले, "वरचं कुंड... आटलं." ती म्हणाली, "बरं. सांगते." बाजेवर घालून त्यांना खाली नेलं तेव्हा ती बाजेचा पाया धरून चालत होती. मी मागं, टोपी हातात घेऊन.

कन्नडला पट्टी झाली, तिथून शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी दुपार गेली असती तर सांगता आलं नसतं.

मंडळात मी ती ध्वनिफीत पाठवली नाही. त्या पोरानं पुढच्या रविवारी विचारलं, "मॅडम, मग? होतं का गवत?" मी म्हणाले, "होतं रे बाबा. गवतच होतं." तो खूश झाला.

पाच-सहा दिवसांनी मोसंबी घेऊन मी दवाखान्यात गेले. रात्रभर माफीचे शब्द जुळवले होते. ते खाटेवर, पाय वजन लावून टांगलेला, छातीला पट्टा. बायको खालच्या फरशीवर डबा उघडून बसलेली. "जय भीम, बाई, या," म्हणाली, मला स्टूल दिलं. मी माझं सगळं भाषण त्यांच्यापुढं म्हटलं. पुस्तक कसं पाठ होतं, शिट्टीला नक्कल कशी समजले, कशी उठून गेले. मी रडले असेन. ते शांतपणे ऐकत होते. बायको मोसंबी सोलत होती. माझं संपल्यावर त्यांनी छातीला हात लावला, कारण बोलताना अजून दुखत होतं, आणि म्हणाले:

"माफी कशाला मागता, बाई? म्या शिट्टी मारली, तर वरनं तुमी म्हनला, 'वा, अजून एकदा.' म्हनून जीव खाऊन अजून एकदा मारली. मग तुमचे पाय लांब गेल्याचं ऐकू आलं. मनात म्हनलं, दुसऱ्या खेपेला सूर चुकला वाटतं."